शाळेंतल्या ताटांतली मूठभर भाजी

ह्या आठवड्याच्या पाठासाठीं प्रथम एक तराजू मिळवा. वाण्याचा मागून आणिला तरी चालेल. त्यांत ५० ग्रॅम भेंडी किंवा लाल माठ तोलून हातांत घ्या. मूठ भरेल, इतकीच ती भाजी असते. पहिली ते पांचवीच्या प्रत्येक मुलास शाळेंतील दुपारच्या जेवणांत दररोज इतकी भाजी मिळावी असें सरकारी नियमांत लिहिलेलें आहे. सहावी ते आठवीच्या मुलास ती ७५ ग्रॅम ठरविली आहे. तिच्या जोडीला लहान मुलास १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५ ग्रॅम तेल असावें. ही मूठभर भाजी मुलाच्या ताटांत खरोखर पडते काय, आणि पडते ती कोठून येते, हा आजचा विषय आहे. तांदळाचें पोतें कोणीहि मोजूं शकतो. भाजी मात्र आमटींत हरवून जाते, आणि ती किती होती हें विचारावयास कोणी येत नाहीं.

थोडा मागील इतिहास सांगतों. शाळेंतील मुलांस आहार देण्याची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली. आरंभीं बहुतेक प्रांतांत मुलास महिन्याकांठीं ३ किलो कोरडें धान्य मिळे व तें तो पिशवींतून घरीं नेई. घरीं गेलेलें धान्य सर्व घराचें होतें, हें आईबापांस दूषण देऊन सांगत नाहीं. भुकेल्या घरांत तसेंच व्हावयाचें. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आज्ञा दिली कीं, शाळांनीं शिजविलेलें अन्नच द्यावें. तेव्हांपासून चूल शाळेंत आली, व चुलीबरोबर भाजीचा प्रश्नहि आला.

आपल्या ठाणें जिल्ह्यास तर हा प्रश्न परका नाहीं. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें लहान बालकें दगावलीं, तेव्हां तो तालुका ठाणें जिल्ह्यांतच होता. पालघर जिल्हा निराळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाली, तरी २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या देशव्यापी आरोग्य-पाहणींत पांच वर्षांखालील बालकांपैकीं ६७ टक्के बालकांच्या रक्तांत लोहाचें तेज कमी आढळलें. हीच बालकें पुढें शाळेच्या पंगतीस येऊन बसतात. भातानें त्यांचें पोट भरतें. रक्त भरावयास पालेभाजी, कडधान्य व लिंबाची फोड लागते.

आतां आपला मुलूख डोळ्यांपुढें आणा. पश्चिमेस खाडीच्या कांठीं ठाणें, मग डोंबिवली व कल्याण; कल्याणाहून आगगाडीचे दोन फांटे निघतात, एक कसाऱ्याकडे व एक कर्जताकडे. त्या फांट्यांच्या आजूबाजूस शहापूर, मुरबाड, अंबरनाथ ह्या तालुक्यांचीं शेतें पसरलीं आहेत. भात कापल्यावर तेथें भेंडी, काकडी, वाल, वांगीं, मुळा हीं पिकें होतात. शहापूर-मुरबाडची भेंडी तर खोक्यांत भरून परदेशीं जाते. पहाटेच्या गाडीनें पाट्या घेऊन येणाऱ्या बायका कल्याण स्टेशनावर उतरतांना कोणीहि पाहाव्या. इतकें असून त्याच मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरील शाळेंत बटाटा व कांदा घातलेला भात आठवड्यांतून चार दिवस होतो, आणि कळवा-मुंब्र्याच्या डोंगरउतारावरील वस्तींतल्या मुलास दुपारीं मिळणाऱ्या खिचडींत हिरवें पान शोधावें लागतें. शेत दिसतें, ताट दिसतें. मधली वाट कोठें अडते?

पहिली अडचण पैशाची आहे. २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्र सरकारनें प्राथमिक वर्गाच्या मुलामागें दररोज ६ रुपये ७८ पैसे व वरच्या वर्गाच्या मुलामागें १० रुपये १७ पैसे साहित्यखर्च धरला. धान्य निराळें मिळतें. परंतु डाळ, तेल, मीठमसाला, जळण व भाजी हीं सर्व ह्याच पैशांत बसवावयाचीं. शहरांतील बाजारांत मेथीच्या जुडीस काय पडतें हें ज्यास ठाऊक आहे त्यानें हा हिशेब स्वतःच करून पाहावा. आपल्या प्रांतांत खेड्यांतील शाळांस तांदूळ व कडधान्य पुरवठादाराकडून येतें, आणि भाजी व जळण शाळेनें जवळपास घ्यावयाचें असतें. पैसे उशिरां आले कीं मास्तर आपल्या खिशांतून देतात, किंवा वाण्याकडे उधारी करितात. आणि वाण्याकडे जी भाजी टिकते तीच उधारींत मिळते. बटाटा महिनाभर टिकतो, माठ संध्याकाळीं कोमेजतो. मुलाच्या ताटांत बटाटा कां येतो ह्याचें उत्तर बरेंचसें एवढ्यांतच आहे.

दुसरी गोष्ट मापाची आहे, व तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. समजा, तुमच्या गांवच्या शाळेंत पहिली ते पांचवीचीं ६० मुलें आहेत. ६० वेळां ५० ग्रॅम म्हणजे ३ किलो. तीन किलो भाजी म्हणजे एका बाईच्या पाटीचा लहानसा कोपरा. त्यासाठीं ठेकेदार नको, टेंपो नको, बाजार समितीचें आवारहि नको. शिवाय २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मोकळा केला, तेव्हां शेतकऱ्यानें आपली भाजी आवाराबाहेर थेट विकण्यास कायद्याची आडकाठीहि राहिली नाहीं. शाळेच्या वाटेवर जिचें शेत आहे अशा बाईनें सोमवारीं व गुरुवारीं पाटी आणावी, दुसरीनें मंगळवारीं व शुक्रवारीं; भाव महिन्याच्या आरंभीं ठरवून फळ्यावर लिहावा. कल्याणास माल नेला तर तिला गाडीभाडें, हमाली, अडत व अर्धा दिवस द्यावा लागतो. शाळेनें तिला कल्याणच्या ठोक भावाहून थोडें अधिक दिलें तरी शाळेस तें वाण्यापेक्षां स्वस्तच पडेल. तीन किलोंनीं कोणाचा संसार चालणार नाहीं, हें मी मान्य करितों. परंतु ठरलेल्या दिवशीं ठरलेलें गिऱ्हाईक असणें ही गोष्ट ज्या बाईनें स्टेशनावर उरलेली भाजी मातीमोलानें दिली आहे तिला विचारावी.

ती पाटी कोणाची असावी हेंहि येथेंच बोलून टाकूं. पाटी कातकरणीची असली म्हणून नाक मुरडणारे लोक अजून गांवोगांवीं आहेत, आणि आपल्यांत ते मुळींच नाहींत असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. मुलें एका पंगतींत बसतात. भाजी विकत घेतांनाहि पंगत एकच असावी.

शहराचें माप निराळें आहे. ठाणें व कल्याण-डोंबिवलीसारख्या ठिकाणीं पुष्कळशा शाळांस अन्न येतें तें महिला बचत गटांच्या किंवा संस्थांच्या मोठ्या स्वयंपाकघरांतून. समजा, एका स्वयंपाकघरांत १०,००० मुलांचें अन्न शिजतें. मग रोज ५०० किलो भाजी हवी, आणि ती पहाट होण्यापूर्वीं निवडून, चिरून तयार हवी. एका पाटींत १५ किलो धरली तर तेहतिसांहून अधिक पाट्या झाल्या. इतक्या पाट्यांशीं निरनिराळा व्यवहार कोणता स्वयंपाकी करील? तो बाजारांत जाऊन एका व्यापाऱ्याकडून कोबी व बटाटा उचलतो, आणि त्यास दोष देतां येत नाहीं. म्हणून शहरांतल्या गरीब मुलाच्या ताटापर्यंत मुरबाडची ताजी भाजी पोहोंचावयाची असेल तर प्रथम मुरबाडांतल्या तीस-पस्तीस बायकांनीं एकत्र आलें पाहिजे. पांच-सहा गांवांचा एक गट, संध्याकाळीं तोडलेला माल एका ओट्यावर गोळा करणें, एकच वजनकांटा, एकच बिल, आणि रात्रीं निघणारा एक टेंपो. मुरबाडाहून कल्याण सुमारें ३० किलोमीटर आहे. भाजी पहाटे चुलीजवळ असेल.

हें स्वप्न नव्हे. ब्राझील देशानें २००९ सालीं कायदा करून ठरविलें कीं, शाळांच्या अन्नासाठीं मध्यवर्ती सरकार जो पैसा देतें त्यांतील निदान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यांत खर्च व्हावी. तेथेंहि अडचण हीच आली कीं, एकटा शेतकरी मोठ्या नगरास पुरा पडत नाहीं. जेथें सहकारी संघ उभे राहिले तेथें काम चाललें. आपल्याकडे सहकाराची परंपरा साखरेस व दुधास पुरली आहे. माठाच्या जुडीस ती कां पुरूं नये, हें मला अजून कळलेलें नाहीं.

आतां ऋतूंकडे वळूं, कारण भाजी मागावयाची ती वेळेप्रमाणें मागावी. आपली शाळा जूनच्या मध्यास उघडते. त्या वेळीं शेतांत आवणाची घाई असते व लावलेली भाजी हातीं नसते; परंतु रान त्या वेळीं उघडतें. टाकळ्याचीं कोवळीं पानें, कुर्डू, भारंगी, पुढें करटोलीं, हें सर्व ठाकूर, कातकरी व महादेव कोळी बायकांस नांवानिशीं ठाऊक आहे, आणि शहरांतील लोक तें हौसेनें पैसे मोजून घेतात. शाळेच्या चुलीवर मात्र ज्या रानभाजीची गांवांत रोजची ओळख आहे तीच चढवावी. शेवळ चविष्ट खरें, पण काकड किंवा चिंच नीट न पडल्यास घसा खाजवितें. साठ मुलांवर तो प्रयोग नको. श्रावण-भाद्रपदांत मांडवावरचा काळ येतो: दुधी, शिराळीं, पडवळ, काकडी, तांबडा भोपळा. भोपळा घरांत महिना-दोन महिने टिकतो, म्हणून शाळेनें तो साठवून ठेवावा. बटाट्याची जागा घेण्यास ह्याहून चांगला गडी नाहीं. त्याच्या पिवळ्या गरांत डोळ्यांस उपयोगी पडणारें सत्त्व आहे, परंतु तें अंगीं लागण्यास थोडें तेल लागतें, तेव्हां फोडणींत कंजुषी करूं नये. दिवाळीनंतर भात निघाला कीं जमिनीच्या ओलीवर वाल व हरभरा, आणि विहीर किंवा ओढा असेल तेथें माठ, मेथी, मुळा, वांगीं, भेंडी. फाल्गुनापर्यंत ही चंगळ असते. मग पाणी आटतें. भातसा, तानसा व वैतरणा ह्यांचीं धरणें ज्या शहापूर तालुक्याच्या आसपास आहेत तेथेंच उन्हाळ्यांत कित्येक पाड्यांवर बायका हंडाभर पाण्यासाठीं मैलभर चालतात. चैत्रांत हिरवी भाजी मागणें म्हणजे त्यांच्या डोईवर आणखी एक हंडा देणें. तेव्हां शेवग्याचा पाला, वाळवून ठेवलेलीं कडधान्यें व त्यांस आणलेले मोड ह्यांवर भागवावें.

शाळेच्या आवारांतील परसबागेविषयीं केंद्र सरकारनें २०१९ सालीं सूचना काढल्या, व आपल्या प्रांतांत पुष्कळ शाळांनीं अशा बागा केल्या आहेत. बागेवर फार मोठा भरंवसा ठेवूं नये. ६० मुलांची रोजची ३ किलो भाजी चार वाफ्यांतून निघत नाहीं. तरी तिचा उपयोग मोठा आहे. साठ मुलांनीं हात-ताट धुतांना प्रत्येकीं अर्धा लिटर पाणी सांडलें तर ३० लिटर होतें, आणि चर काढून तें वळविलें तर पांच-सहा लहान वाफे हिवाळाभर जगतात. लाल माठ महिन्याच्या आंत कापणीस येतो. मूल आपल्या हातानें पेरलेलें महिन्यांत खातें, ह्यापरतें गणिताचें व निसर्गाचें पुस्तक कोणतें? शेवग्याची फांदी पावसाच्या आरंभीं रोवावी, कुंपणाशीं लिंबू व कढीपत्ता लावावा, सांडपाण्याच्या तोंडाशीं पपई किंवा केळ. ज्या मुलाच्या घरीं पालेभाजी टाकून देण्याची संवय आहे तेंहि आपण लावलेली भाजी मागून घेतें.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण आपल्या मंडळींत पुष्कळांस माहीत आहे. शारदासदनास परदेशांतून येणारी मदत कायमची नाहीं हें ओळखून त्यांनीं केडगांवास फळबागेसाठीं जमीन घेतली होती. १८९६ च्या दुष्काळानंतर मध्यप्रांतांतून उपाशी मुली त्या घेऊन आल्या तेव्हां ती जमीन उपयोगीं पडली. तेथें विहिरी खणल्या गेल्या, धान्य व भाजी होऊं लागली, आणि मुलीच तें काम शिकल्या. जी संस्था मुलांस जेवूं घालते तिच्या हाताशीं थोडें शेत व थोडें पाणी असावें, हें त्या बाईंनीं सव्वाशें वर्षांपूर्वीं ओळखलें.

परंतु सर्वांत कठीण गोष्ट अजून सांगावयाची राहिली आहे. भाजीची चंगळ ज्या महिन्यांत असते त्याच महिन्यांत ती खाणारीं मुलें गांवांतून नाहींशीं होतात. दिवाळी झाली कीं कातकरी कुटुंबें उचल घेऊन भिवंडी, कल्याण, अंबरनाथ ह्यांच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडीं परत येतात. मूल आईबापांबरोबर जातें. पाड्यावरील शाळेंत तीन किलोंऐवजीं दोन किलो भाजी पुरूं लागते, आणि हजेरीच्या वहींत आडव्या रेघा दिसतात. शाळेनें बापाची चार पाट्या भाजी घेतली म्हणून तो राहील, असें सांगून मी तुमची फसवणूक करणार नाहीं. लग्नाकार्यासाठीं किंवा दुखण्यासाठीं घेतलेल्या उचलीपुढें ते पैसे कांहींच नव्हेत. तरी ज्याच्याजवळ वीतभर जमीन व ओढ्याचें पाणी आहे अशा एखाद्या घरास हिवाळ्यांतील ठरलेली खरेदी थोपवूं शकेल, आणि त्या घरचीं दोन मुलें पंगतींत राहतील.

जीं जातात त्यांच्या मागें शाळेनें जावें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं जुन्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम मांडिलें व पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मुलें गुरांमागें रानांत जातात, शाळेंत येत नाहींत, असें पाहून त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. तिचें नांव कुरणशाळा पडलें. वीटभट्टीच्या बाबतींत आज इतकें तरी होऊं शकतें कीं, निघण्यापूर्वीं मास्तरांनीं मुलाच्या हातीं शिक्षण हमी पत्रक द्यावें, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेंत त्यास बसतां येतें व तेथील दुपारच्या जेवणावरहि त्याचा हक्क राहतो. आपल्या उपदेशकांपैकीं जे कल्याण-भिवंडीकडे जातात त्यांनीं भट्ट्यांवर गेल्यावर मुलांपाशीं हें पत्रक आहे काय, व तें दाखविल्यावर शाळेनें त्यांस बसवून घेतलें काय, एवढी चौकशी अवश्य करावी.

एक भयाची गोष्ट सांगणें माझें कर्तव्य आहे. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारांतील सारण जिल्ह्यांत एका गांवच्या शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मेलीं. अन्नाच्या तेलांत शेतांत फवारण्याचें मोनोक्रोटोफॉस हें जहर मिसळलें होतें. शेतांतून थेट येणारी भाजी ताजी असते. ती फवारलेलीहि असूं शकते. भेंडी व वांगीं ह्यांवर औषध मारण्याची चाल सर्वत्र आहे, व डब्यावर लिहिलेले दिवस गेल्यावांचून तें पीक तोडूं नये हा नियम कित्येकांस वाचतां येत नाहीं म्हणून पाळला जात नाहीं. शाळेसाठीं जी बाई भाजी देणार तिच्या शेतावर मास्तरांनीं किंवा समितीच्या सभासदांनीं स्वतः जावें, शेवटचें औषध केव्हां मारलें तें विचारून वहींत लिहावें, आणि शक्य तर शाळेचा वाफा निराळा व औषधावांचूनचा ठेववावा. औषधाचा रिकामा डबा कितीहि घासला तरी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आंत येऊं देऊं नये. मुलांस वाढण्यापूर्वीं शिक्षकानें व एक-दोन मोठ्या माणसांनीं अन्न चाखावें असा नियम आहे. तें चाखणें सहीपुरतें नसावें.

शाळेंत स्वयंपाक करणाऱ्या बायांस दोन शब्द. पालेभाजी आधीं धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जातें. सकाळीं आलेली भाजी सकाळींच शिजवावी, झांकण ठेवून, थोड्या पाण्यांत. लिंबू पिळावयाचें तें भांडें खालीं उतरविल्यावर. लिंबामुळें पालेभाजींतील व डाळींतील लोह अंगीं लागतें, आणि दहा मुलांस एक लिंबू पुरतें.

ज्यांचीं मुलें शाळेंत जातात त्यांनीं शाळा व्यवस्थापन समितींत बसावें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें तिच्यांत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया. ह्या समितीच्या पुढील सभेस जातांना एक साधी वही न्यावी. तिच्यांत रोजची तारीख, जेवलेल्या मुलांची संख्या, आलेल्या भाजीचें नांव व वजन, देणाऱ्या बाईचें नांव, दिलेले पैसे व राहिलेली बाकी इतकींच घरें आंखावीं. पहिल्या महिन्यांत कोणास कांहीं बोलूं नये, केवळ लिहावें. महिना संपल्यावर वजनाच्या घराची बेरीज करून तिला मुलांच्या बेरजेनें भागावें, आणि येणारा आंकडा ५० च्या किती जवळ आहे तो मास्तरांसह सर्वांनीं मिळून पाहावा.